मुलांना अर्थसाक्षर करताना घ्यावयाची खबरदारी

मुलांना पैशाचं शिक्षण द्यायचं असं तुम्ही ठरवलं असेल, तर अभिनंदन. आता आधी कपाटाचा खण कुलूपबंद करा. गृहकर्जाचे कागद, पगाराची स्लिप आणि लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या पावत्या आतच राहू द्या. पुण्यातल्या अर्थशिक्षणाचं सूत्र सोपं आहे: मुलाला साऱ्या जगाच्या पैशाचा हिशोब यावा, फक्त आपल्या घरचा येऊ नये.

या कामी बालभारतीचं आपल्याला पूर्ण सहकार्य आहे. सेनापती बापट रस्त्यावरच्या या संस्थेने नववी आणि दहावीच्या गणितात ‘अर्थनियोजन’ नावाचं प्रकरण घातलेलं आहे. नववीत प्राप्तिकर, दहावीत जीएसटी, शेअर, दलाली, म्युच्युअल फंड, एसआयपी. प्रकरण खरोखर चांगलं आहे. मी चोरून वाचलं आणि दोन गोष्टी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा कळल्या. पण त्यातलं खरं शहाणपण असं की, उदाहरणांतली माणसं सगळी परकी. कुणा अनोळखी बाईंनी 100 रुपये दर्शनी किमतीचे शेअर कोणत्या बाजारभावाने घेतले आणि दलाली किती दिली, हे कार्टं घडाघडा सांगतं. बापाने ऑफिसातल्या मित्राच्या सांगण्यावरून घेतलेल्या शेअरचं पुढे काय झालं, हा प्रश्न 40 गुणांच्या बीजगणिताच्या पेपरात येत नाही.

घरचा अभ्यासक्रम खाऊच्या पैशांपासून सुरू करावा. इथे धड्यांचा क्रम चुकवू नका. आधी ‘आमच्या वेळी’ शिकवावं, महागाई नंतर. मी उलटं केलं. जून 2025 मध्ये पीएमपी बसचं किमान तिकीट 5 रुपयांचं 10 झालं, तेव्हा उत्साहाच्या भरात मुलीला महागाई समजावून सांगितली. तिने त्याच संध्याकाळी खाऊच्या पैशांत तेवढ्याच पटीने वाढ मागितली. मग ‘आमच्या वेळी दोन रुपयांत’ असं मी म्हणायला लागलो, तर ती म्हणाली, “बाबा, तेव्हाचे दोन म्हणजे आत्ताचे किती ते सांग ना.” अस्त्र वाया गेलं.

दिवाळीतला किल्ला हा भांडवली खर्च शिकवण्याचा उत्तम प्रसंग. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून आणलेले महाराज ही दीर्घकालीन गुंतवणूक आणि मावळे हा चालू खर्च, कारण दर वर्षी माळ्यावरून खोकं उतरवलं की दोघा-तिघांची मुंडकी गेलेली असतात. याला घसारा म्हणतात. इतकं पुरे.

खरी कसोटी उद्योजकतेची. त्यासाठी शाळेचा आनंदमेळा किंवा सोसायटीच्या गणपतीतली खाद्यजत्रा गाठावी. आमच्याकडे भेळेचा स्टॉल होता. कुरमुरे, फरसाण, कांदे, कैरी हे सगळं मुलीच्या आईने आणलं. चिंचेची चटणी आजीने पहाटे पाचला उठून केली. टेबल शेजारच्या काकूंचं. ते चार मजले उतरवण्याचं काम माझं, लिफ्ट बंद होती. ‘एकावर एक फ्री नाही’ ही पाटी मात्र मुलीने स्वतः रंगवली. 20 रुपये प्लेट. गिऱ्हाइकं म्हणजे इतर स्टॉलवाल्या मुलांचे आईबाप. आम्ही त्यांच्या मुलांचं कोकम सरबत प्यायचं, त्यांनी आमची भेळ खायची. रात्री गल्ल्यात 1,640 रुपये निघाले. “बाबा, 1,640 नफा!”

सामानाचे 1,150 रुपये झाले होते, ते आईने सांगितले. मुलगी गोंधळली. “पण ते तर घरातलंच होतं ना?”

इथे बहुतेक पालक खर्च वजा करायला सांगतात. कळकळीची विनंती, सांगू नका. सामानाचे पैसे वजा झाले की मूल विचारतं, चटणी करायला आजीला किती वेळ लागला. मग आजीचा तासाचा दर निघतो. तो एकदा निघाला की आनंदमेळ्यापाशी थांबत नाही, रोजच्या पोळ्यांपर्यंत जातो, डब्यांपर्यंत जातो. आमच्याकडे गेला. तेव्हापासून मी ताट उचलून ठेवतो. 1,640 नफा म्हणाली तेव्हाच टाळ्या वाजवायला हव्या होत्या.

आता बँक. 10 वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेची बँकांना मुभा आहे. एप्रिल 2025 मध्ये तिने ते नियम नव्याने एकत्र मांडलेही. खातं जरूर काढावं. बँकांच्या बाबतीत पुणं काही कमी नाही: कॉसमॉस 1906 ची, बँक ऑफ महाराष्ट्रचं कामकाज 1936 पासूनचं. मात्र सोबत आजोबांना नेऊ नये. पेठेतल्या आजोबांसमोर ‘बँकेत पैसे सुरक्षित असतात’ असं म्हटलं की ते रुपी बँकेपासून सुरुवात करतात. 1912 ची बँक, 2013 मध्ये निर्बंध, 2022 मध्ये परवाना रद्द. शेवटी 5 लाखांपर्यंतच्या ठेवीलाच विमा असतो, असं बजावून थांबतात. हा सगळा धडा खरा आहे आणि पाठ्यपुस्तकापेक्षा मोलाचा आहे. पण तो काउंटरपाशी, खातं उघडायच्या फॉर्मवर सही करताना ऐकवण्याजोगा नाही.

शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची खबरदारी पाकिटांची. बारसं, वाढदिवस, भाऊबीज, आजोळची सुट्टी. महाराष्ट्रातली रीत अशी की पाकिटावर चिकटवलेलं 1 रुपयाचं नाणं मुलाचं आणि आतली नोट ‘मोठी झालीस की देऊ’ खात्यात. हे खातं कोणत्याही बँकेत नसतं. त्यातून आमचा फ्रिज आला.

माझा समज होता की याचा पुरावा नाही. पण आजीकडे आहेराची वही असते. कुणी किती दिले, म्हणजे परत किती द्यायचे, हे त्यात पै-पैसह लिहिलेलं असतं. मुलगी यंदा आठवीत गेली. आठवीच्या गणितात चक्रवाढ व्याज आहे. तिने बारशापासून तिसऱ्या वाढदिवसापर्यंतची पाकिटं वहीतून बेरजेला घेतली: 21,000 रुपये. मुदत 10 वर्षं. दर 8 टक्के. मी दरावर हरकत घेतली, तर म्हणाली, “सुकन्या समृद्धीला सरकार 8.2 देतं. सुरुवातीला तर 9 च्या वर होता. ते मी सोडलंय, तू बाबा आहेस म्हणून.”

रास 45,337 रुपये. वरचे पैसे तिने सोडून दिले, असं ती म्हणाली. तिसऱ्या वाढदिवसानंतरची पाकिटं सहामाहीनंतर घेणार आहे.

तूर्त मी 2,000 दिले आणि पावती घेतली. तिच्यावर ‘अंशतः’ असं लिहिलेलं आहे. ज्यांची मुलं अजून सातवीत आहेत, त्यांनी आजीची वही कुठे ठेवलेली आहे ते आजच पाहून ठेवावं.