पडणारच आहेत ना!

चिरंजीवांची मागची दाढ काळी पडली, तेव्हा आमच्याकडे ठराव एकमतानं मंजूर झाला : दुधाचीच आहे, पडणारच आहे ना! मामानं फोनवरून लवंगेचं तेल सुचवलं, शेजारच्या काकूंनी तुरटीच्या गुळण्या. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो गालावर हात ठेवून पेढा खात होता.

दंतवैद्य बाईंनी ठराव फेटाळला. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरं. पण मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात. खालून येणाऱ्या पक्क्या दातांची जागा त्याच धरून ठेवतात. त्या आधीच गेल्या, तर एसटीच्या सीटवरचा रुमाल उचलला की जे होतं तेच होतं : शेजारचे सरकून बसतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यांच्या मागे पहिली पक्की दाढ गुपचूप येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, कौलावर काही फेकायला मिळत नाही. त्यामुळे घरात तिची दखलच कुणी घेत नाही.

"गोड किती खातो?" बाईंनी विचारलं.

"फारसं नाही," आम्ही बाणेदारपणे म्हणालो.

"किती नव्हे, कितीदा?"

इथे आमची बोलती बंद. कारण आमच्या घरात कुणीच त्याला फार देत नाही. प्रत्येक जण एकच देतो. आजोबा एक गोळी, आत्या एक चॉकलेट, देवघरातून खडीसाखरेचा एक खडा. दर वेळी तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात आणि लाळेला ते निस्तरायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात पुढचा प्रेमळ नातेवाईक हजर! थोडक्यात, पंगतीत बसून श्रीखंड चापणारा परवडला, दिवसभर लिमलेट चघळणारा नको.

बाईंनी दाढेत सिमेंट भरलं आणि आम्हाला नियम दिले. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, मग वाटाण्याएवढी. जाहिरातीतली ब्रशभर लाट फक्त दुकानदाराच्या हिताची. रात्री ब्रश झाला की पाण्याशिवाय काही नाही. आणि पहिली तपासणी पहिल्या वाढदिवसापर्यंत. आपण त्या दिवशी बाळाच्या तोंडाला केकचं क्रीम फासून फोटो काढतो, ते वेगळं.

शेवटचा नियम म्हणजे सात-आठ वर्षांचा होईपर्यंत दात मोठ्यांनी घासून द्यायचे. रात्री आजीनं कवळी काढून वाटीतल्या पाण्यात ठेवली, तेव्हा चिरंजीवांनी ती बराच वेळ निरखली.

"मलापण असेच दात हवेत. काढून आईला घासायला दिले की मी झोपायला मोकळा!"

"खुशाल घे," आजी म्हणाली, "पण मग चकली चहात बुडवून खावी लागते."

चिरंजीवांनी मुकाट्यानं आ केला.