तीन गुणांचा तह

पुणेरी पलटण हरली की पुण्यात हळहळ होते, भोरला मात्र चौकशी समिती बसते. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीनं आमच्या पलटणीला ३१-२८ असं हरवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात समितीचं कामकाज सुरू झालं. ‘हरली’ हा शब्द पहिल्याच मिनिटाला कामकाजातून काढून टाकण्यात आला. त्याजागी ‘निसटली’ आला. भात कापणीला आलेला, माणसं मिळेनात अशी गावोगाव ओरड. ती न मिळणारी माणसं कुठं असतात, ते या हॉटेलात आलं की कळतं.

समितीचे अध्यक्ष तात्या. उजव्या गुडघ्याला पट्टा. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघात निवड जवळजवळ झालीच होती, असं ते सांगतात. आमच्या भागात ‘जवळजवळ विद्यापीठ खेळलेली’ माणसं इतकी आहेत, की सगळ्यांना एकदम मैदानात उतरवलं तर समोरच्या संघाला उभं राहायला जागा उरणार नाही. तात्यांनी टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून मध्यरेषा ओढली, मागं बोनस रेषा ओढली, मिसळीतली शेव उचलून सात जण उभे केले. डाव्या कोपऱ्यावर जाडजूड गाठी ठेवली. तो फजल अत्राचली. तिखटाचा एक ओला दाणा म्हणजे आपला आदित्य शिंदे. बिचारा पोरगा अखेरपर्यंत एकटा चढाया करत होता. मध्यंतराला पिछाडीवर पडलेली पलटण त्याच्या जिवावर दिल्लीला येऊन भिडली, आणि अगदी शेवटी फजलनं त्याची पकड केली. खेळ खलास.

“हाच फजल २०२२ च्या फायनलला आपला कप्तान होता,” तात्या म्हणाले. “तेव्हा वरळीला जयपूरनं आपल्याला ३३-२९ नं घालवलं. फजल आपल्याकडून खेळला, आपण हरलो. फजल त्यांच्याकडून खेळला, तरी आपणच हरलो. म्हणजे दोष फजलचा नाही.”

इतकं तर्कशुद्ध वाक्य त्या टेबलावर पूर्वी कधी आलं नसावं, कारण कुणीच त्याकडं लक्ष दिलं नाही. तेवढ्यात वेल्ह्याकडच्या एका दूधवाल्यानं बोलता बोलता फजल उचलला आणि तोंडात टाकला. चौकशीतला मुख्य पुरावा असा गेला.

मग इतिहास निघाला. हिरडस मावळात बसून हरण्याची चर्चा करायची आणि इतिहास काढायचा नाही, हे शक्यच नाही. एका निवृत्त गुरुजींनी सिद्धांत मांडला: आपण लढाई जिंकतो, तहात हरतो. साखळीत पहिलं कोण? आपण. मग पात्रता फेरीत याच दिल्लीकडून टायब्रेकरवर हरलं कोण? तेही आपणच. तेलुगू टायटन्सना हरवून पुन्हा अंतिम फेरीत आलो, ते परत दिल्लीच्याच दारात. पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले दिले खरे, पण राजगड-तोरणा हातचे सोडले नाहीत. पलटणीनं साखळीत किल्ले जिंकले आणि शेवटी राजगडच देऊन टाकला. गुरुजींचा आवाज भरून आला. हॉटेलवाल्यानं बिल आणून ठेवलं, तेव्हा कुठं तो मोकळा झाला.

मला विचाराल तर खरं दुखणं वेगळंच आहे. २९ डिसेंबर २०२४ ला अंतिम सामना आपल्या बालेवाडीत होता. त्या वर्षी गतविजेते आपण, आणि बाद फेरीतसुद्धा नव्हतो. हरियाणा आणि पाटण्याचं लग्न आपल्या मांडवात लागलं, आपण अक्षता वाटत राहिलो. २०२५ ला नवरदेव तयार, तर मांडव दिल्लीचा, वाजंत्री दिल्लीची, आणि समोर उभी तीही दिल्लीच. त्या अख्ख्या मोसमात पुण्यात एकही सामना नव्हता.

यावर दूधवाल्यानं (फजल पचल्यावर) उपाय सुचवला: नाव बदला. ‘पुणेरी’त नुसतं शहर आहे, मावळ कुठं आहे? नाव बदललं की काम होतं, असा त्याच्या तालुक्याचा ताजा अनुभव. २०२५ मध्येच वेल्ह्याचं राजगड झालं. फरक काय पडला, असं मी विचारलं. “पाट्या रंगवायचं काम निघालं की,” तो म्हणाला.

अहवाल लिहायचं काम माझ्याकडं आलं, म्हणून मी आकडे मांडले. २०२२ ला चार गुणांनी हरलो, २०२५ ला तीन गुणांनी. म्हणजे तीन वर्षांत एका गुणाची ठोस प्रगती. (मधे १ मार्च २०२४ ला आपण हरियाणाला २८-२५ हरवून चषक जिंकला होता, पण तो या तक्त्यात बसेना, म्हणून गाळला. सरकारी अहवाल वाचून वाचून एवढं शिकलोय.) याच वेगानं २०२८ ला दोन गुणांनी हरू, २०३१ ला एका गुणानं आणि २०३४ ला बरोबरी. बरोबरी झाली की टायब्रेकर आला, आणि टायब्रेकरचं आपलं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

अहवाल एकमतानं मंजूर झाला. तात्यांनी फक्त एक दुरुस्ती सुचवली, की २०३४ चा सामना बघायला वरंधा घाटातून महाडची पाहुणे मंडळी येणार असतील, तर तो पावसाळ्यात ठेवू नये. घाट बंद असेल.