बांध नसलेले गाव

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यात, रॉबिन हूडच्या नावावर आजही पर्यटक खेचणाऱ्या शेरवुडच्या अरण्यापासून पूर्वेला काही मैलांवर, लॅक्स्टन नावाचे एक लहान खेडे आहे. या खेड्याची कीर्ती ज्या गोष्टीमुळे झाली, ती गोष्ट इतर कोणत्याही गावाने पाहुण्यांसमोर झाकून ठेवली असती. शेजारी आपली जमीन चोरणार, असे येथील प्रत्येक शेतकरी मध्ययुगापासून गृहीत धरून चालला आहे, आणि हा संशय गावाने इतक्या सभ्यतेने, इतक्या नेमाने आणि इतक्या कागदपत्रांनिशी जोपासला आहे की अखेर ब्रिटिश पार्लमेंटला त्याची कायद्यात स्वतंत्र दखल घ्यावी लागली.

वरवर पाहता गावात संशयास्पद असे काही दिसत नाही. एक मुख्य रस्ता, रस्त्याला काटकोनात उभी असलेली तांबड्या विटांची आणि कौलारू छपरांची शेतघरे, सेंट मायकेलचे चर्च, त्या चर्चमध्ये एव्हरिंगहॅम घराण्यातील एका स्त्रीची मध्ययुगीन ओक लाकडातील मूर्ती, आणि डव्हकोट इन, म्हणजे कबुतरखाना, या नावाचे मद्यगृह, एवढाच संसार. गावाच्या उत्तरेला नॉर्मन काळातला किल्ला आहे, परंतु किल्ला म्हटल्यावर ज्याच्या डोळ्यांसमोर तट आणि बुरूज उभे राहतात त्याची तेथे घोर निराशा होते, कारण आता केवळ मातीचा मोठा उंचवटा आणि त्याभोवतीचे खंदक तेवढे उरले आहेत. राजाच्या अरण्याचे वंशपरंपरागत रक्षक या किल्ल्यात राहत असत, म्हणजे रॉबिन हूड खरोखर होऊन गेला असेल तर लॅक्स्टन त्याला पकडणाऱ्यांच्या बाजूचे होते; ही गोष्ट पर्यटनाच्या दृष्टीने अडचणीचीच म्हणायची. भटकी जनावरे अडकवून ठेवण्याचा कोंडवाडाही गावात आहे, यावरून येथील संशय केवळ माणसांपुरता मर्यादित नव्हता, हे ध्यानात येते.

लॅक्स्टनची शेती ज्या पद्धतीने चालते तिला खुल्या शेतांची पद्धत म्हणतात. मध्ययुगात इंग्लंडच्या मध्य भागातील असंख्य गावे अशीच शेती करीत. आता ती रीतसर चालू असलेले गाव म्हणून लॅक्स्टनकडे बोट दाखवले जाते. या पद्धतीत गावाची शेतजमीन काही अवाढव्य शेतांत विभागलेली असते. लॅक्स्टनमध्ये अशी तीन शेते उरली आहेत, पश्चिमेचे, दक्षिणेचे आणि गिरणीचे. प्रत्येक शेताचे लांबट पट्टे पाडलेले असून एकेका शेतकऱ्याच्या वाट्याला तिन्ही शेतांत विखुरलेले पट्टे येतात, जेणेकरून काळीभोर जमीन एकट्याच्या पदरात आणि दलदल दुसऱ्याच्या गळ्यात, असे होऊ नये. पहिल्या वर्षी शेतात हिवाळी गहू, दुसऱ्या वर्षी वसंतात पेरायचे पीक आणि तिसऱ्या वर्षी पड, असे हे त्रैवार्षिक चक्र असून हल्ली पड ठेवण्याऐवजी त्या शेतात चाराही घेतला जातो. हे चक्र साऱ्या गावाने एकदम फिरवायचे असते. एखाद्याला या वर्षी गव्हाऐवजी आणखी काही करून पाहण्याची प्रेरणा झाली, तर ती त्याने मद्यगृहात बोलून दाखवावी, शेतात नव्हे. जेथे ओल फार किंवा उतार फार, तेथे नांगर न घालता गवत राखलेले असते. अशा गवताळ पट्टीला येथे साइक म्हणतात. साइकवरचे गवत उन्हाळ्यात लिलावाने विकले जाते आणि तेथील रानफुलांमुळे या पट्ट्यांना निसर्गसंरक्षणाचा दर्जा मिळालेला आहे.

या रचनेत कुंपण नाही, बांध नाही, एका पट्ट्यापासून दुसरा पट्टा वेगळा दाखवणारे असे जमिनीवर जवळजवळ काहीच नाही. शेजाऱ्याचा बांध कोरणे हा शेतकऱ्याच्या हातून जगभर घडणारा अपराध मानला, तर बांधच नसलेल्या गावात हा अपराध अशक्य ठरतो, असे एखाद्या भाबड्या तर्कशास्त्रज्ञाला वाटेल. प्रत्यक्षात मात्र तो इतका सोपा होऊन बसतो की सज्जन माणसाच्या हातूनही बैल जरा उजवीकडे ओढतो म्हणून, आणि आता ट्रॅक्टरचे चाक चिखलात घसरते म्हणून, घडून जावा. सज्जनांच्या बैलांना आपल्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला ओढण्याची सवय असल्याचे मात्र इतिहासात फारसे आढळत नाही. त्यातून लॅक्स्टनची माती चिकण आणि जड. तीत एकदा चुकलेले तास पुन्हा सरळ करण्याचा उत्साह कोणाला राहणार?

यावर गावाने शोधलेला उपाय म्हणजे जूरीचा दिवस. नोव्हेंबरच्या अखेरीस, ज्या शेतात हिवाळी गहू नुकताच पेरला गेला आहे त्या शेताची पाहणी करण्यासाठी शेतकऱ्यांतूनच नेमलेली जूरी आपल्या म्होरक्यासह बाहेर पडते. हा काळ इंग्लंडमध्ये सहल काढण्याचा मुळीच नव्हे. अंगाला झोंबणारे वारे, बुटांना पायांपेक्षा जड करणारा चिखल आणि दुपारीच मावळतीला लागलेले ऊन, अशा हवेत ही मंडळी ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रेलरवर बसून निघतात आणि पट्ट्यामागून पट्टा तपासतात. एका टोकाची खूण सापडली की तेथे उभे राहून दुसऱ्या टोकाच्या खुणेकडे नजर लावायची, मधल्या रेषेत नांगर कोठे पोट काढून बाहेर आला आहे हे पाहायचे, आणि जेथे सीमा पुसट झाली आहे तेथे लाकडी खुंटी ठोकायची, अशी कामाची रीत आहे. खुंटी ठोकली जात असताना भोवती उभ्या असलेल्यांत जो मनुष्य आकाशातील ढगांविषयी बोलू लागतो, पट्टा बहुधा त्याचाच असतो, असे अनुमान काढण्यास अभ्यासकाला हरकत नाही. साइकच्या गवतात नांगर दोन वितीही आत शिरला असेल, किंवा वाटेची कड खाल्ली गेली असेल, तर तेही जूरीच्या नजरेतून सुटत नाही. मग सगळे डव्हकोट इनमध्ये परततात, आणि गुन्ह्याचे स्थळ व गुन्ह्याचा निकाल यांच्या मध्ये इंग्रजी न्यायबुद्धीला जी गोष्ट अत्यावश्यक वाटते ती, म्हणजे जेवण, पार पडते. त्यानंतर कोणी कोठे काय केले आणि त्याला किती दंड व्हावा, हे एका कागदावर नोंदवले जाते.

इंग्रज स्वभावाशी परिचय असलेल्यांना या व्यवस्थेतील शहाणपण चटकन उमगेल. शेजाऱ्याला तोंडावर ‘माझ्या जमिनीत का घुसलास’ असे विचारणे इंग्रज माणसाला इतके अवघड जाते की त्यापेक्षा तो जमीन सोडून देणे पसंत करील. लॅक्स्टनने ही अडचण सोडवली ती अशी, की मनातली तक्रार नोव्हेंबरपर्यंत मनातच ठेवावी, तोवर रोज सकाळी हवापाण्यावर बोलावे, आणि मग बाकीच्यांच्या साक्षीने तिला खुंटीचे रूप द्यावे. तपासणारे आणि तपासले जाणारे एकाच गावातले, बहुधा एकाच व्यवसायातले. आज ज्याने दुसऱ्याच्या नांगराचा वाकडेपणा मोजला त्याचा नांगर पुढेमागे दुसरा कोणी मोजणारच असतो, त्यामुळे न्याय कठोर होत नाही आणि अगदी ढिलाही राहत नाही.

जूरीच्या दिवसानंतर आठवड्याभराने त्याच मद्यगृहात कोर्ट लीट भरते. कोर्ट लीट म्हणजे जहागिरीचे ग्रामन्यायालय. मध्ययुगात गावातली किरकोळ भांडणे, वजनमापांतील लबाड्या आणि गटारांच्या तक्रारी अशा न्यायालयांत तुटत असत. लॅक्स्टनच्या न्यायालयाचे अध्यक्षपद जहागिरीच्या कारभाऱ्याकडे असते, दिमतीला बेलिफ असतो, जूरीच्या कागदावरचे दंड येथे पक्के होतात आणि नव्या जूरीला रीतसर शपथ दिली जाते. १९७७ साली पार्लमेंटने न्यायप्रशासनाचा कायदा करून देशभरातील असल्या जुनाट न्यायालयांचे अधिकार एका फटक्यात काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनच्या कोर्ट लीटला मात्र त्यातून नाव घेऊन वगळण्यात आले. नांगर गवतात किती शिरला हे ठरवण्याचा अधिकार लंडनच्या न्यायाधीशांकडे सोपवण्याची हिंमत बहुधा पार्लमेंटला झाली नसावी. आणि हिंमत झाली असती, तरी नोव्हेंबरच्या चिखलात उतरण्यास एखादा न्यायाधीश तयार झाला असता की नाही, ही शंका उरतेच.

हे गाव टिकले कसे, याचे उत्तरही भांडणाकडेच बोट दाखवते. सतराव्या शतकाच्या आरंभापासून १९१४ पर्यंत पार्लमेंटने ५,००० हून अधिक कायदे करून इंग्लंडमधील खुली शेते आणि सामाईक गायराने कुंपणबंद केली, ज्याला एन्क्लोजर असे नाव आहे. पट्टे एकत्र करायचे, झाडाझुडपांची कुंपणे घालायची आणि जमीन एकेकाच्या सलग मालकीची करायची, असा तो व्यवहार असून त्यात सुधारणा कोणाची झाली आणि देशोधडीला कोण लागले, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. लॅक्स्टनमध्येही कुंपणांना सुरुवात झाली होती, एक शेत तर त्यात गेलेच. परंतु गावची जमीन दोन बड्या घराण्यांत, एकीकडे अर्ल मॅन्व्हर्सचे आणि दुसरीकडे अर्ल ऑफ स्कारबरोचे, वाटलेली असल्याने आणि दोघांचे एकमत काही केल्या होईना म्हणून काम अर्धवट राहिले. दोन उमरावांच्या अशा अढीला वारसासंवर्धन असे नाव पुढे मिळेल, याची त्यांना स्वतःला कल्पना नसणार.

त्याआधी गावाचा एक मालक असा होऊन गेला की ज्याच्यामुळे या चिखलाचा संबंध थेट कोकणपट्टीशी पोहोचतो. सर विल्यम कोर्टन हा लंडनचा धनाढ्य व्यापारी. त्याच्यासाठी मार्क पियर्स या भूमापकाने १६३५ साली लॅक्स्टनचा तपशीलवार नकाशा काढला, पट्टान् पट्टा नोंदवला, आणि रिकाम्या जागा पाहून हात आवरेना म्हणून की काय, त्यात नांगरणारी, कापणी करणारी आणि शिकारीला निघालेली चिमुकली माणसेही रंगवली. हा नकाशा आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्याच १६३५ साली कोर्टन आणि त्याच्या साथीदारांनी राजा पहिला चार्ल्स याच्याकडून पूर्वेकडे व्यापार करण्याचा परवाना मिळवला, ज्यामुळे ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी मोडली आणि कंपनीच्या संचालकांची झोप उडाली. पुढल्याच वर्षी त्यांची जहाजे गोव्यास लागली, काही काळात कारवारला त्यांची वखारही उभी राहिली. स्वतः कोर्टन मात्र जहाजे गोव्याला पोहोचण्यापूर्वीच वारला. दुसऱ्याच्या मक्तेदारीत नांगर घालणाऱ्या या गृहस्थाने आपल्या गावातल्या पट्ट्यांच्या सीमा मात्र इतक्या बारकाईने मोजून घेतल्या, यात त्याला काही विसंगती वाटली नसावी.

विसाव्या शतकाच्या आरंभी अर्ल मॅन्व्हर्सने बरेच पट्टे एकत्र करून रुंद केले. १९५२ साली त्या घराण्याने ही जहागीर कृषी मंत्रालयाला विकली. शेती आधुनिक करा, यंत्रे आणा, कुंपणे पाडून शेते मोठी करा, असा उपदेश साऱ्या देशाला करणाऱ्या मंत्रालयाने लॅक्स्टन विकत घेतले ते येथे कोणीही काहीही सुधारू नये यासाठी, ही सरकारी कारभारातील एक दुर्मीळ प्रामाणिक कबुली मानता येईल. १९८१ मध्ये गाव क्राउन इस्टेटकडे गेले. राजमुकुटाच्या नावावरच्या मालमत्ता सांभाळणारी ही संस्था लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरील झगमगत्या दुकानांचे भाडे वसूल करते. रीजंट स्ट्रीटवर भाडेकरूने आपले दुकान शेजाऱ्याच्या दुकानात दोन विती सरकवल्याचे ऐकिवात नाही, त्यामुळे लॅक्स्टनमध्ये या संस्थेला काही नवे शिकायला मिळाले असणार. २०२० साली तिने गाव पुन्हा मॅन्व्हर्स घराण्याच्या जुन्या थोर्स्बी इस्टेटला दिले.

मधल्या काळात अभ्यासकांनी लॅक्स्टनचा शोध लावला, म्हणजे गावाला ठाऊक असलेली गोष्ट गावाला सांगितली. चार्ल्स स्ट्युअर्ट ऑर्विन आणि त्यांच्या पत्नी क्रिस्टाबेल सुझन ऑर्विन या विद्वान दांपत्याने १९३८ मध्ये खुल्या शेतांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या केंद्रस्थानी लॅक्स्टनच आहे. नवराबायकोची आद्याक्षरे सारखीच असल्यामुळे, कोणते मत नवऱ्याचे आणि कोणते बायकोचे, ही सीमा तेथेही कोणाला आखता येत नाही. तेव्हापासून भूगोलाचे विद्यार्थी, मध्ययुगाचे प्राध्यापक आणि निव्वळ हौशी लोक जूरीच्या दिवसाचा सुगावा लागताच वही घेऊन येतात, पाहणीमागे पट्ट्यांतून फिरतात, आणि शहरी बुटांना चिकटलेली चिकणमाती घेऊन परत जातात. अशा रीतीने दर वर्षी किती जमीन गावाबाहेर जाते, याची नोंद मात्र जूरीच्या कोणत्याही कागदावर होत नाही.