पहिली फेरी आणि पंचाहत्तर टक्के

बारावीनंतर महाविद्यालयात पाऊल टाकणाऱ्या टेनिसपटूवर दोन संस्था एकाच वेळी हक्क सांगू लागतात, आणि गंमत अशी की या दोन्ही संस्था एकमेकींविषयी चारचौघांत नेहमी चांगलेच बोलतात. विद्यापीठ खेळाडूंचा सत्कार करते, टेनिस संघटना शिक्षणाचे महत्त्व सांगते. तंटा तत्त्वाचा नसतोच, मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता सदर विद्यार्थ्याचा देह कोठे असावा, एवढ्यापुरताच तो मर्यादित असतो. शाळेत हा तंटा सहसा पेटत नाही, कारण तेथे मुख्याध्यापकांना गळ घालता येते आणि पुढे क्रीडागुणांची आशाही असते. परंतु अठरावे वर्ष सरले की आंतरराष्ट्रीय कनिष्ठ गटाचे दार बंद होते, आणि खेळाडू जाणत्या व्यावसायिकांच्या गर्दीत अगदी तळाशी जाऊन उभा राहतो तो नेमका त्याच वर्षी, ज्या वर्षी महाविद्यालय त्याच्याकडे पंचाहत्तर टक्के हजेरी मागू लागते.

या मागणीची खरी गोम टेनिसच्या रचनेत आहे. टेनिसच्या स्पर्धा बाद पद्धतीने खेळल्या जातात, म्हणजे जो हरतो तो त्याच दिवशी मोकळा होतो. बत्तीस जणांच्या स्पर्धेत पहिल्या फेरीअखेर सोळा जण घरी परततात आणि त्यांतील विद्यार्थी गुरुवारच्या प्रात्यक्षिकाला सुखरूप हजर राहू शकतात. उलट जो जिंकत जातो त्याचा आठवडा बुडतो, आणि लागोपाठ दोन स्पर्धा जिंकण्याइतका तो उद्दाम निघाला तर सत्र धोक्यात येते. विद्यार्थी-खेळाडूची हजेरी ही त्याच्या कौशल्याच्या व्यस्त प्रमाणात असते, हा नियम यातून सिद्ध होतो. एखाद्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर जिमखाना विभागाने लावलेले अभिनंदनाचे पत्रक आणि त्याखालीच कार्यालयाने लावलेली डिफॉल्टर यादी, म्हणजे हजेरी कमी भरलेल्यांची नावनिशी, या दोहोंत एकच नाव आढळले, तर त्यात विसंगती शोधू नये. दोन्ही कागद एकाच पराक्रमाची नोंद करीत असतात.

हजेरीचे गणित निदान करता तरी येते, वेळेचे तेही करता येत नाही. परीक्षा ठरलेल्या वेळी सुरू होते आणि ठरलेल्या वेळी संपते. टेनिसच्या दैनंदिन कार्यक्रमपत्रिकेत मात्र पहिल्या सामन्याची वेळ तेवढी नक्की असते आणि पुढच्या प्रत्येक सामन्यासमोर ‘त्यानंतर’ असा एक तत्त्वज्ञानी शब्द असतो. दुपारी तोंडी परीक्षा असलेल्या मुलाचे वडील बालेवाडीच्या कोर्टाबाहेर आधीच्या सामन्यातील दोन अनोळखी खेळाडूंपैकी कोणीतरी लवकर हरावे म्हणून मनोमन प्रार्थना करतात. ती निःपक्षपाती असते, कारण कोण हरतो याच्याशी त्यांना काहीच देणेघेणे नसते.

एका बाबतीत मात्र या दोन व्यवस्था सख्ख्या बहिणी शोभतात. पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात हरूनही कोणीतरी माघार घेतल्यामुळे ज्याला मुख्य स्पर्धेत जागा मिळते त्याला टेनिसमध्ये ‘लकी लूझर’ म्हणतात. काही विषयांत नापास होऊनही ज्याला पुढच्या वर्गात बसू दिले जाते त्याला महाराष्ट्रात एटीकेटी मिळाली असे म्हणतात. दोन्ही सवलती मिळवून एकाच वर्षी दोन्हीकडे पुढे सरकणारा विद्यार्थी कल्पनेत सहज उभा राहतो. गुणांच्या टिकाऊपणाबाबत मात्र बहिणी फारकत घेतात: जागतिक क्रमवारीतील गुण बावन्न आठवड्यांनी गळून पडतात आणि ते राखण्यासाठी पुन्हा तितकेच खेळावे लागते, तर बी. कॉम.चा प्रथम वर्ग, विषयातले एक अक्षर आठवत नसले तरी, आमरण टिकतो. पालकांचा कल पदवीकडे का असतो, हे यावरून समजावे. शिवाय पंधरा हजार डॉलर एकूण बक्षिसांच्या, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरील व्यावसायिक स्पर्धेत एकेरीची पहिली फेरी हरणाऱ्याच्या हाती करापूर्वी जेमतेम दीडशे डॉलर पडतात, आणि त्यात प्रवास, खोली व रॅकेटची तार बसवणे हे सारे बसत नाही.

अमेरिकेने हा तंटा दोन्ही पक्षांना एकाच छपराखाली नांदवून मिटवला. तेथील एनसीएए ही आंतरविद्यापीठ क्रीडा संघटना हंगामात सरावावर आठवड्याला वीस तासांची मर्यादा घालते, म्हणजे खेळाडूने फार खेळू नये याची काळजी नियमच वाहतो. महेश भूपती मिसिसिपी विद्यापीठातून 1995 मध्ये दुहेरीचा विजेता होऊन बाहेर पडला. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्ण मिळवणारी महाराष्ट्राची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळलेली. आणि फ्लोरिडाचा बेन शेल्टन त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला तेव्हाही त्याचे ऑनलाइन वर्ग चालूच होते. ज्यांना अमेरिका परवडत नाही त्यांच्यासाठी नाशिकचे मुक्त विद्यापीठ आहे, आणि रोजच्या हजेरीचा आग्रह न धरणे हा त्याचा गुण टेनिसपटूंइतका कोणाला कळणार?

व्हर्जिनिया विद्यापीठाच्या सोमदेव देववर्मनने 2007 मध्ये आंतरविद्यापीठ एकेरीच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाच्या ज्या जॉन इस्नरला हरवले, त्याने हजेरी आणि कौशल्य यांच्या व्यस्त प्रमाणाच्या वर सांगितलेल्या नियमाला पुढे विम्बल्डनवर कमालीचा पुरावा पुरवला. चार वर्षे शिकून मगच व्यावसायिक झालेल्या या गृहस्थाने 2010 च्या जूनमध्ये पहिल्याच फेरीत निकोला माहूला हरवण्यासाठी तीन दिवसांत मिळून 11 तास 5 मिनिटे घेतली. हाच सामना विद्यार्थिदशेत झाला असता तर एका विजयापायी तीन दिवसांची गैरहजेरी लागली असती. लगेच दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फेरीत तो हरला तो अवघ्या 74 मिनिटांत, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासिकेच्या हिशेबाने त्या दिवशी त्याची जेमतेम दीड तासिका बुडाली असती.