एका टेबलाचं निर्लेखन

जुन्या बाजारात भाव करायला गेलेल्या माणसानं हव्या त्या वस्तूकडे बघू नये, शेजारच्या वस्तूकडे बघावं, हे मला माहीत होतं. म्हणून टेबल हवं असताना मी पलीकडच्या तांब्याच्या बंबाकडे बराच वेळ बघत उभा राहिलो. परिणाम असा झाला की विकणाऱ्यानं बंबाची किंमत निम्म्यावर आणली आणि टेबलाची आहे तीच ठेवली.

मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. रविवारी हौशी मंडळींची गर्दी असते, म्हणून मी मुद्दाम बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो होतो. टेबलाला चॉकलेटी ऑइल पेंट फासलेला, दोन ड्रॉवर, त्यातल्या एकाला मूठ नाही. मी वर बोटानं टकटक केलं. लाकडावर टकटक करून काय कळतं ते मला ठाऊक नाही, पण करताना माणूस जाणकार दिसतो. "अस्सल सागवान," मी म्हणालो.

"सागवान-बिगवान माहीत नाही साहेब," तो म्हणाला, "पण जड आहे. उचलायला दोन माणसं लागतील."

प्रामाणिक माणसाशी घासाघीस करणं फार अवघड. त्यात सागवान हा शब्द मीच उच्चारून बसलो होतो, तेव्हा भाव पाडायची सोय उरली नव्हती. सांगितलेल्या किमतीत टेबल घेतलं आणि छोट्या हत्तीत घालून घरी आणलं.

लिफ्टमध्ये ते मावलं नाही. जिन्याच्या पहिल्या वळणावर ते असं अडकलं की वरच्या जोशीकाकूंना भाजी घेऊन त्याच्यावरून जावं लागलं. शेवटी टेबल पार्किंगमध्ये ठेवायचं ठरलं. त्यासाठी सेक्रेटरीकाकांना रीतसर अर्ज दिला. काका एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. ते तोंडी परवानगी देत नाहीत. अर्जावर त्यांनी 'तात्पुरत्या स्वरूपात' असा शेरा मारला आणि 'तात्पुरत्या'खाली दोनदा रेघ ओढली.

माझा बेत साधा होता. टेबलाच्या फळीला वॉलनट स्टेन द्यायचा, म्हणजे लाकडाच्या रेषा दिसत राहतील, आणि पायांना ऑफ-व्हाइट रंग. वर गडद, खाली फिकट. परदेशातली एक बाई असं टेबल बारा मिनिटांत करते हे मी मोबाइलवर पाहिलं होतं, आणि त्यात ती मधे कॉफीही पिते. मी माझ्यासाठी शनिवार-रविवार राखून ठेवला.

80 नंबरचा पॉलिश पेपर घेऊन मी घासायला बसलो. पॉलिश पेपरचा नंबर जितका लहान तितका तो खरखरीत, हे मला नंतर कळलं. दुकानात मात्र 'सुरुवातीला सौम्य असू दे' म्हणून मी लहानातला लहान नंबर मागून घेतला होता. चॉकलेटी रंगाखालून पिस्ता रंग आला. पिस्त्याखालून राखाडी. आणि एका पायाच्या आतल्या बाजूला, राखाडीवर पांढऱ्या रंगात, ब्रशनं काढलेली अक्षरं: 'डे.स्टॉ.', आणि पुढे अर्धा पुसलेला नंबर.

सेक्रेटरीकाका खरं म्हणजे त्यांच्या पांढऱ्या गाडीवर बसलेल्या चॉकलेटी धुळीबद्दल विचारायला आले होते. अक्षरं दिसताच खाली वाकले आणि गाडी विसरले.

"डेडस्टॉक," ते म्हणाले. आवाज थोडा कापला. "सरकारी टेबल आहे हे."

"म्हणजे चोरीचं?"

"छे! निर्लेखन झालेलं असणार. समिती पाहणी करते, निरुपयोगी म्हणून शेरा देते, रजिस्टरमधून नाव कमी होतं, मग लिलाव." त्यांनी फळीवरून हात फिरवला. "इथं डाव्या हाताला आवक, उजव्या हाताला जावक. मधे काच, काचेखाली सुट्ट्यांची यादी." त्यानंतर ते रोज संध्याकाळी खाली येऊन टेबलापाशी उभे राहू लागले. एकदा मी त्यांना ड्रॉवर उघडून त्यात आपला चष्मा ठेवताना पाहिलं.

दुसरी भेट बायकोची. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे तिचं बोलणं ऐकून घ्यावं लागतं. "अहो, जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. त्यात शिसं असतं."

"हल्लीच्या रंगात नसतं."

"हल्लीच्या. घरगुती रंगात शिसं दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त नको, हा नियम 2016 साली निघाला आणि 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. हे टेबल त्याआधीच रिटायर झालेलं दिसतंय. ती धूळ नाकात घेऊन वर येऊ नका, आणि आलात तर आधी आंघोळ."

मग पेंट रिमूव्हर आणला. तो लावला की रंगाला फोड येतात, रंग सुरकुततो, आणि मग लांबी भरायच्या पत्र्याच्या पट्टीनं तो खरवडून काढायचा. हे काम मला मनापासून आवडलं. दहा मिनिटांत एखाद्या खात्याची तीन दशकं निघून यावीत असं दुसरं काम मी आजवर केलेलं नाही. हातमोज्यांची दोन बोटं विरघळली, ते सोडा. रंगांच्या खाली एक काळपट, चकचकीत थर उरला होता. तो जागोजागी निघाला, जागोजागी राहिला. मला तो लाकडाचाच स्वभाव वाटला.

बोहरी आळीतल्या रंगाच्या दुकानात स्टेन मागितला तेव्हा दुकानदारानं एकच प्रश्न विचारला, "खालचं पॉलिश पूर्ण काढलंय ना? पॉलिशवर स्टेन मुरत नाही."

"अर्थात," मी म्हणालो. दुकानात मागे चार गिऱ्हाईकं उभी असताना कुठलाही मराठी माणूस यापेक्षा वेगळं उत्तर देईल असं मला वाटत नाही.

स्टेन लावला. जिथे लाकूड उघडं होतं तिथे तो घटाघटा प्यायला, आणि जिथे तो काळपट थर होता तिथे वरच्या वर घरंगळून गेला. वाळल्यावर टेबलाच्या फळीवर महाराष्ट्राच्या पर्जन्यमानाचा नकाशा तयार झाला. डावीकडे कोकणपट्टी गच्च गडद, मग घाट उतरल्याबरोबर एकदम फिकट पट्टा, माण-खटाव कोरडेच, आणि उजव्या टोकाला विदर्भात पुन्हा बऱ्यापैकी रंग. मेव्हणा बघायला आला तेव्हा त्याला पुणे कुठे आहे तेही सापडलं. 'हेच आता चालतं' असं मी त्याला सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. नव्या फर्निचरला मुद्दाम घासून, ठोकून जुनं दाखवतात आणि त्याचे दीडपट पैसे घेतात. माझ्याकडे तो परिणाम विनाप्रयास आला होता.

वरून व्हार्निशचा हात दिला. डब्यावर लिहिलं होतं, आठ तासांत वाळतं. ते कुठल्या गावच्या आठ तासांबद्दल होतं कोण जाणे. आषाढ लागला होता, पार्किंगच्या भिंतींना ओल होती. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर चिकट. आठवडा गेला, चिकट. माशा बसायच्या आणि मग त्यांना निघता यायचं नाही. धूळ नको म्हणून मी वरून वर्तमानपत्र अंथरलं. हा विचार चांगलाच होता, फक्त वर्तमानपत्र नंतर निघालं नाही.

ओढून ओढून काढलं तर कागदाचा पातळ पापुद्रा मराठवाडाभर चिकटून राहिला. कोकणात कागद पूर्ण निघाला, पण शाई उतरली. रविवारची पुरवणी होती. उलट्या अक्षरांत, आरशात वाचावं असं, स्वच्छ छापलेलं: 'देशस्थ, 32, सुस्वरूप, स्वतःचा फ्लॅट.' बायकोनं पर्समधला आरसा काढून सगळं वाचलं. "स्थळ चांगलं आहे," ती म्हणाली, "पण टेबल दाखवू नका."

या सगळ्यात ड्रॉवरना आतून बेलतेल लावायचंही मी उरकलं होतं. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली, तर ती बायकोनं उचलून दोरीवर एकेक पसरून वाळत घातली. बेलतेल म्हणजे जवसाचं तेल; ते हवेतला ऑक्सिजन घेत वाळतं, तेव्हा तापतं. बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि फडकं आपोआप पेटू शकतं. ही गोष्ट खरी आहे, मी नंतर वाचली. चार मजल्यांच्या इमारतीला जीवदान मिळालं, पण त्या दिवशी सगळ्यांना फक्त एवढंच दिसलं की आमच्याकडे पिवळी पडलेली बनियनं वाळत घातली आहेत.

शेवटी सुतार बोलावला. बोलावला म्हणजे, तो दुसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या बसवायला आला होता आणि जाता जाता थांबला. मूळचा राजापूरकडचा, साठीचा, कानावर पेन्सिल. त्यानं चिकट फळीला बोट लावलं, वास घेतला, उलट्या जाहिरातीकडे पाहिलं आणि काहीच बोलला नाही. मग पिशवीतून पटाशी काढून फळीच्या खालच्या बाजूचा एक पातळ ढलपा उडवला आणि माझ्या नाकाखाली धरला. ओल्या चामड्यासारखा, थोडा तेलकट, थोडा गोड वास.

"सागवान," तो म्हणाला. "म्हणून वाळत नाय."

मी बायकोकडे पाहिलं. आयुष्यात असे क्षण वारंवार येत नाहीत. माझी टकटक खरी ठरली होती. सागवानात अंगचं तेल असतं, ते वर येतं आणि तेलाच्या व्हार्निशला वाळू देत नाही. म्हणून आधी थिनरनं लाकूड पुसून घ्यायचं असतं. थोडक्यात, माझं व्हार्निश न वाळण्याचं कारण माझी पारख हेच होतं.

"ह्यावर रंग कसला मारलाय?"

"वॉलनट. म्हणजे अक्रोड."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. "लोक प्लायला सागवानाचा रंग मारतात," तो म्हणाला. "सागवानाला दुसऱ्याचा रंग मारलेला पहिल्यांदा बघतोय."

त्यानं तो नकाशा रंध्यानं काढला. रंध्याच्या तोंडातून लाकडाची लांब, मधाच्या रंगाची वळकटी निघत होती आणि जमिनीवर पडताना गुंडाळी होत होती. तो मधेच थांबून पातं दगडावर घासायचा. सागात वाळूचा अंश असतो, धार लवकर जाते. खालून जे लाकूड निघालं त्याला काही लावू नये असंच वाटत होतं. मी तरीही विचारलं, "आणि स्टेन?" त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं.

चपडा लाख त्यानं रात्रभर स्पिरिटमध्ये भिजत घातली, दुसऱ्या दिवशी मलमलीच्या फडक्यात कापूस गुंडाळून केलेल्या बोळ्यानं लावायला लागला. हात गोल गोल, न थांबता. थांबला की डाग पडतो. बाहेर भुरभुर होती, त्यामुळे पॉलिशवर धुरकट पांढरी साय आली. त्यानं नुसत्या स्पिरिटचा बोळा हलक्या हातानं फिरवला आणि ती गेली. बायको म्हणाली, लाख म्हणजे किड्यांचा स्राव, औषधाच्या गोळ्यांनाही हीच चकाकी असते. सेक्रेटरीकाका शाकाहारी आहेत, त्यांनी टेबलावर टेकवलेला हात काढून घेतला.

"अजून दोन-तीन हात द्यायला हवेत," सुतार म्हणाला. "ते गणपतीनंतर." आणि तो कोकणात निघून गेला. भाद्रपदाच्या तोंडावर कोकणातल्या माणसाला अडवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

सोसायटीच्या गणपतीला दरवर्षी मंडपवाल्याचं टेबल भाड्यानं येतं. या वर्षी वर्गणी कमी जमली होती. पार्किंगमध्ये आयतं, भक्कम, सरकारी टेबल उभं. काकांनी मला विचारलं नाही, ठराव दाखवला. बाप्पाला नाही कसं म्हणणार? मी एकच अडचण सांगितली, वर लाखेचं पॉलिश आहे, सांभाळून. हे सांगायला नको होतं असं नाही, पण काकांनी 'लाख' एवढंच ऐकलं.

"लाख? आणि वर समई लावायची? लाक्षागृह विसरलात?"

मी कामावरून परत आलो तोवर उपाययोजना झाली होती. गेट रंगवून उरलेला सिल्व्हर वॉचमनच्या खोलीत पडला होता. वॉचमननं तो, न घासता, न पुसता, न अस्तर देता, सबंध टेबलाला मारला होता. फळी, पाय, ड्रॉवरची उरलेली एक मूठ, सगळं रुपेरी. आणि रात्रीच्या आत तो खडखडीत वाळला होता.

याचं श्रेय वॉचमनला देण्यात आलं, हे मला मान्य नाही. खाली लाखेचा थर होता म्हणून सागवानाचं तेल वर येऊ शकलं नाही, म्हणून रंग वाळला. लाख आली सुतारामुळे, सुतार आला माझ्यामुळे. हे मी आरतीनंतर सगळ्यांना समजावून सांगितलं. तेव्हा खिरापत वाटली जात होती.

गणपती गेले, सुतार परत आला. त्यानं रुपेरी टेबल पाहिलं, कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली आणि दुसऱ्या मजल्यावर गेला. टेबल आता सोसायटीच्या ऑफिसात आहे. डाव्या हाताला आवक, उजव्या हाताला जावक. काकांनी सोसायटीसाठी नवीन डेडस्टॉक रजिस्टर सुरू केलंय आणि त्यातली पहिली नोंद टेबलाची आहे. पायाच्या आतल्या बाजूला काळ्या रंगात नंबर घातलाय, त्याच जागी. माझी सही देणगीदार म्हणून घेतली तेव्हा मी शेऱ्याचा रकाना वाचला: 'सुस्थितीत. पुन्हा दुरुस्तीस देऊ नये.' 'पुन्हा'खाली दोनदा रेघ.