मॉड्यूल झालं, जिल्हा राहिला

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेचे तुकडे, म्हणजे मॉड्यूल, पाडायचं काम सुरू झालं २००८ मध्ये; जावा ९ हाती पडलं सप्टेंबर २०१७ मध्ये. नऊ वर्षं! गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीत सांगा, लोक हसतील; ते त्याहून जास्त थांबलेत. चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा निघाला. गडचिरोलीतून अहेरी जिल्हा काढायची मागणी मात्र अजून मागणीच आहे.

तर इकडे ऑफिसात जावा ९ आल्यावर वरून फर्मान येतं: आपलं वेब ॲप मॉड्यूलर करा. पोरगं बिचारं 'मॉड्यूल-इन्फो' फाइल लिहायला बसतं. मला काय लागतं, मी बाहेर काय देतो, सगळं प्रतिज्ञापत्रावर. नाव जुळेना, बिल्ड फुटतो, रात्र जाते. शेवटी ॲप टॉमकॅट या सर्व्हरवर चढतं आणि टॉमकॅट त्या फाइलची दखलच घेत नाही. ॲपमधल्या साऱ्या जार फाइली एकाच बिननावाच्या मॉड्यूलमध्ये कोंबतो आणि कामाला लागतो.

साहेब खूश. रकान्यात 'मॉड्यूलर: होय' अशी खूण झाली ना! तशीच खूण म्हणून अहेरीलाही जिल्ह्याऐवजी अपर जिल्हाधिकारी कार्यालय मिळालंच आहे. बाकी मोठं काम निघालं तर गडचिरोली शंभरावर किलोमीटर. सकाळची एसटी चुकवू नका.