सहा फुटांना एक सूत कमी

सुतार लाकूड मोजतो सुतात आणि दिवस मोजतो अंदाजपंचे. इंचाचे 8 भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सूत. एवढ्याशा फरकानेही त्याचा जीव कासावीस होतो. फळी दीड सूत लांब निघाली की ती पुन्हा करवतीखाली जाते. पण "मंगळवारी येतो" म्हणून सांगितलं आणि पुढच्या महिन्यातल्या मंगळवारी उगवला, तर त्यात काही कमीजास्त झालं असं त्याला वाटत नाही. मंगळवार म्हणाला होता, मंगळवारीच आला.

आमच्याकडे कामं दोनच होती. एक, पावसाळ्यात चौकटीत अडकून बसणारं बेडरूमचं दार. दुसरं, हॉलमध्ये दोन भिंतींच्या मधल्या जागेत पुस्तकांचं कपाट.

मिस्त्रींनी आधी दार पाहिलं. दोनदा उघडलं, दोनदा लावलं, लॅचच्या बाजूच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि निकाल दिला, "आत्ता रंधा मारायचा नाही. लाकूड पाणी प्यालंय." लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच, आणि हवा कोरडी झाली की पुन्हा आक्रसतं. "आत्ता तासलं, तर थंडीत फटीतून हॉलमधला टीव्ही दिसंल, ताई." सल्ला शंभर नंबरी होता. अडचण एवढीच, की दिवाळीनंतर दार आपलं आपणच शहाण्यासारखं वागू लागतं आणि चालत्या दारासाठी सुताराला फोन करायचं कुणाच्या मनात येत नाही. जूनमध्ये ते पुन्हा अडकतं, आम्ही पुन्हा फोन करतो, आणि मिस्त्री म्हणतात, "आत्ता नको. लाकूड पाणी प्यालंय."

कपाटाच्या मापासाठी आमच्या ह्यांनी लेझरचं यंत्र मागवलं होतं. लाल ठिपका भिंतीवर पडला आणि हे म्हणाले, "1826 मिलिमीटर." मिस्त्रींनी टेप ताणली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "सहा फुटांना एक सूत कमी." दोघांनी एकमेकांकडे संशयाने पाहिलं. मग मोबाईलवर हिशेब झाला. दोन्ही मापं एकच निघाली, आणि पत्रिका जुळल्यावर व्याही जसे हसतात तसे दोघं हसले.

पण मिस्त्री तिथे थांबले नाहीत. ते वरचं माप होतं. त्यांनी मध्ये मोजलं, खाली मोजलं, आणि खाली ते सहा फूट चार सूत भरलं. मग कोपऱ्यात गुण्या लावला. एक बाजू भिंतीला चिकटली आणि दुसऱ्या बाजूने उजेड दिसू लागला. "भिंत ओळंब्यात नाही, कोपरा गुण्यात नाही." हे मटकन खाली बसले. ज्या घराचे हप्ते अजून चालू आहेत, त्यात एकही काटकोन नसल्याचं त्यांना त्या दिवशी कळलं. मिस्त्रींनी मात्र धीर दिला, "कुणाच्याच घरात नसतो, साहेब. कपाट आपण सरळ करू आणि खालच्या फटीला पट्टी मारू. भिंत वाकडी आहे हे फक्त आपल्याला माहीत."

ह्यांना कपाटात सहा फूट लांबीच्या सलग फळ्या हव्या होत्या, फोनवरच्या फोटोत असतात तशा. "पोट येईल," मिस्त्री म्हणाले. आमचे हे इंजिनिअर. फुटामागचं ओझं तेवढंच ठेवून फळीची लांबी दुप्पट केली, की तिचा बाक सोळापट होतो, हे त्यांना सूत्रासकट पाठ आहे. पण फोटोपुढे सूत्राचं काही चालेना. मिस्त्रींनी सूत्र वगैरे काढलं नाही. विश्वकोशाचे खंड उचलून ह्यांच्या हातात दिले आणि हात लांब करून उभं राहायला सांगितलं. दोन फुटांवर एकेक उभी फळी द्यायची, हे लगेच ठरलं.

मग प्लायवूडची यादी. मिस्त्रींनी सांगितलं 18 एमएम, सातशेदहा. हे दुकानातून फोनवर, "अहो, 710 म्हणजे मरीन! पुस्तकं काय समुद्रात न्यायचीत? तीनशेतीन स्वस्त आहे." मिस्त्री शांतपणे म्हणाले, "समुद्र नाही, पण त्या भिंतीपलीकडं तुमचं बाथरूम आहे." सातशेदहा आलं. सोबत सनमायका, फेविकॉल, बिजागऱ्या आणि दीड इंची चुका. दुकानाची ती पहिली खेप. सुताराची यादी कधी पुरी होत नसते. आपण घरी येऊन चप्पल काढली, की त्याला चार स्क्रू आठवतात.

काम उक्तं द्यायचं की रोजावर, यावर घरात खल झाला. सासूबाईंचं मत असं, की रोजावर दिलं तर कपाट नातवाच्या मुंजीपर्यंत चालेल आणि उक्तं दिलं तर दुपारच्या चहापर्यंत उरकेल. शेवटी उक्तं ठरलं, उचल दिली, आणि मिस्त्री आपली हत्यारांची पिशवी कोपऱ्यात ठेवून गेले. ही पिशवी म्हणजे सुताराने दिलेली जामीनकी. हत्यारं आपल्याकडे आहेत तेव्हा माणूस जाईल कुठे, अशा समजुतीने आपण निर्धास्त राहतो. आठवड्याने सासूबाईंनी ती उघडून पाहिली. आत दात झडलेली करवत, मूठ नसलेली पटाशी आणि अर्धी तंबाखूची पुडी होती.

फोन केला की मिस्त्री "निघालोच" म्हणायचे, आणि मागे कुणाच्या तरी घरात कटर मशीन घुंईऽऽ करत असायचं.

"तुमच्या वेळी बरं होतं," मी सासूबाईंना म्हणाले. त्यांच्या माहेरी सुताराला रोकड नसे. वर्षभर नांगर, कुळव, तिफण नीट ठेवायची आणि सुगीला खळ्यावर बलुतं न्यायचं. सासूबाई हसल्या. "कसलं बरं! मृग तोंडावर आला की आमचे दादा तिफण घेऊन सुताराच्या दारात जाऊन बसायचे. काम होईपर्यंत उठायचेच नाहीत."

तोच उपाय त्यांनी इथे केला. मिस्त्री एकदाचे उगवले, तशी सासूबाईंनी समोर खुर्ची टाकली आणि मेथी निवडायला घेतली. मेथी संपली, मग गवार, मग नुसत्याच बसून राहिल्या. कपाट भराभर उभं राहिलं. शेवटच्या दिवशी मिस्त्रींनी फटीची पट्टी धरली, भिंतीलगत पेन्सिल वरून खाली ओढली आणि त्या रेघेवर रंधा चालवला. पट्टी वर टोकदार, खाली पाच सूत. ठोकल्यावर तिथे नखही शिरेना. हे लेझर घेऊन तपासायला गेले आणि गुपचूप परत आले.

आता जो येतो तो कपाटासमोर उभा राहतो आणि मिस्त्रींचा नंबर मागतो. सासूबाईंनी मला बजावलंय, "कौतुक करू नकोस. माणूस वाटला गेला, तर आपल्या दाराला कधी यायचा?" म्हणून परवा वरच्या मजल्यावरच्या काकूंना मी तोंड वाकडं करून म्हटलं, "काम ठीक आहे हो, पण फार रखडवतात. नकाच बोलावू."

काकू म्हणाल्या, "आता कुठलं? त्यांची पिशवी गणपतीपासून आमच्या गॅलरीत आहे."